कस्तुरीची मंजू

आम्ही गाव सोडलं तेव्हा अप्पांचा उजवा हात मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. आत बोटं कुठल्या दिशेला आहेत, हे उघडून बघायची कोणाची तयारी नव्हती. भर दुपार होती. मुडबीच्या फाट्यावर आम्ही हुमनाबादच्या बसची वाट बघत उभे होतो: माय, अप्पा, मी आणि ज्वारीचं एक पोतं. पोत्यात, ज्वारीच्या पोटात, अप्पांच्या हलगीचं लोखंडी कडं होतं. चामडं जळून गेलं होतं. लोखंड जळत नाही म्हणून कडं उरलं होतं.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं आम्हाला पाणी दिलं नाही. त्याला कोणी तशी ताकीद दिली होती की तो आपणहून घाबरला होता, ते मला आजही माहीत नाही. माय म्हणाली, "मागं बघायचं न्हाई. बघितलीस तर थोबाडीत दीन." मी बघितलं. तिनं दिली. बस आली तेव्हा माझा गाल तापलेला होता, आणि गाव सोडल्याचं दुःख वगैरे करायला मला सवड झाली नाही. मायला बहुतेक तेच हवं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आमची माणसं अजून राहतात, आणि माझ्या लिहिण्यामुळं त्यांच्या पत्र्यावर दगड पडायला नकोत. कर्नाटकात, बसवकल्याण तालुक्यात, मुडबीपासून जवळ, एवढं पुरे. जे तिथं राहिले आणि जे आमच्यासारखे हैदराबादला, पुण्याला, भिवंडीला निघून गेले, त्या दोघांसाठी हे लिहितेय. अप्पांचा हात जमिनीच्या वादात मोडला असं पुष्कळांना वाटतं. आमच्याकडं जमीन नव्हती. हात लहान मुलांच्या गाण्यावरून मोडला.

आमच्या वस्तीनं दीक्षेनंतर ठरवलं होतं की गावाच्या दारात हलगी वाजवायची नाही. जत्रेला नाही, लग्नाला नाही, मयतीला नाही. ठराव माझ्या जन्माआधीचा. अप्पांनी तो पाळला, पण आजोबांची हलगी फेकली नाही. संध्याकाळी विहारापुढच्या मोकळ्या जागेत ते तुरीची तुराटी पेटवून हलगी शेकायचे. चामडं तापून ताणलं की टिचकी मारून बघायचे. तो टण्ण आवाज ऐकला की वस्तीतली पोरं ताटावरून उठून पळत यायची. माझ्या चुलत्याला ते खपायचं नाही.

"अण्णा, टाक की ती गुलामी जाळात."

"त्यांच्या दारात वाजवली तर गुलामी," अप्पा म्हणायचे. "माझ्या लेकरापुढं वाजवली तर खेळ हाय. तुला नाचायचं असंल तर नाच, न्हाईतर बाजूला सर."

चुलता बाजूला सरायचा आणि तिथं उभा राहून पाय हलवायचा.

गाणं शेळीचं होतं. अप्पांनी स्वतः रचलेलं. शेळी बसमध्ये चढते, कंडक्टर तिच्याशी कानडीत बोलतो, शेजारचा प्रवासी दखनी उर्दूत, आणि शेळी मराठीत उत्तर देते.

शेळी चढली बशीत, बसली खिडकीपाशी,
कंडक्टर म्हणं, टिकेट कुठं? शेळी म्हणं, उपाशी!
कोण काढतंय टिकेट हिचं?

इथं हलगी थांबायची. एखादं पोर ओरडायचं, "मी!" मग अप्पा वाकून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचे, "तू कोणाची?" पोरानं आईचं नाव सांगायचं आणि मग आपलं. पारूची शोभा! ती मी. मग हलगी असली सुटायची की अंगावर काटा यावा. बापाचं नाव चालायचं नाही. कोणी बापाचं घेतलं तर अप्पा हलगीची काडी कानामागं खोचून म्हणायचे, "ह्ये नाव शाळेत सांग. हितं आयचं."

मधली कडवी मात्र मोठ्यांसाठी होती. शेळी सासूचा पदर खायची, मास्तरची छडी खायची, लग्नात मानपान मागणाऱ्या व्याह्याचा फेटा खायची. त्या दिवशी वस्तीत जे काही घडलं असेल ते शेळीच्या पोटात जायचं. पोरं शेळीसाठी हसायची, आयाबाया व्याह्यासाठी. आज आई-बापांना सहन होतील अशी बाळगाणी मोबाइलवर शोधावी लागतात. आमच्याकडं आई-बाप पोरांना ढकलून पुढं बसायचे.

आणि ते फक्त आमचेच नव्हते. अडचण तिथं झाली.

वरच्या आळीतल्या बाया रानातून परतताना आमच्या वस्तीच्या कडेनं जायच्या. आधी नुसत्या चालत जायच्या, मग हळू चालायला लागल्या, मग उभ्या राहायला लागल्या. त्यांत एक नवी सून होती. कडेवर तिची मुलगी असायची, मंजू, नुकती बोलायला लागलेली. त्या संध्याकाळी गाणं शेळीच्या तिकिटापाशी आलं आणि मंजू कडेवरून ओरडली, "मी!"

अप्पा एरवी लगेच वाकायचे, ते थांबले. मला वाटतं तेवढ्या एका क्षणात त्यांनी विचार केला असणार. पण लेकरू दोन्ही हात पुढं करून वाट बघत होतं, आणि कोणत्याही लेकराला नाही म्हणायचं नाही हा गाण्याचा नियम होता. त्यांनी लांबूनच विचारलं, "तू कोणाची गं?"

मंजूला आईचं खरं नाव ठाऊक नव्हतं. घरात कोणी ते घेतच नव्हतं. सासरी त्या बाईचं नाव बदलून लक्ष्मी ठेवलं होतं आणि तेही फक्त हाक मारताना, ओरडण्यापुरतं. तिनं मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलगी लाजली. मग ती सून स्वतःच बोलली, मोठ्यानं, पदर दातात न धरता.

"कस्तुरीची मंजू!"

कस्तुरी हे तिचं माहेरचं नाव. अप्पांनी ते उचललं आणि हलगीवर घेतलं. कस्तुरीची मंजू, कस्तुरीची मंजू, गाडी सुटली! ती बाई खुरपं हातात, लेक कडेवर, अशी दोन पावलं नाचली. खदाखदा हसली. वरच्या आळीची सून आमच्या हलगीवर हसत नाचलेली त्या गावानं तोवर पाहिली नव्हती. हलगी वाजवणाऱ्यानं चारचौघांत त्यांच्या सुनेचं नाव घेतलेलंही ऐकलं नव्हतं.

दिवेलागणीला वरच्या आळीतून तिचा आवाज आला. आधी शब्द होते, मग नुसता आवाज, मग तोही नाही. माय चुलीपुढं बसून होती. भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. अप्पा उठून दारापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली, "गेलास तर तिला मारूनच टाकतील." ते परत येऊन बसले.

सकाळी वरच्या आळीची माणसं आमच्याकडं आली. पुढं कस्तुरीचा नवरा आणि धाकटा दीर, मागं आळीतले बाकीचे. कुऱ्हाडीच्या दांड्यांनी त्यांनी पत्रे फोडले, रांजण फोडला, कोंबड्या पायाखाली तुडवल्या. मायला केस धरून अंगणात ओढलं. मी दिराच्या हाताला चावले. त्यानं मला लाथ घातली ती बरगडीत बसली. थंडीत ती जागा अजून दुखते. विहारापुढं त्यांनी तुराटी पेटवली, रोज अप्पा पेटवायचे तिथंच, आणि हलगी त्यात टाकली.

"शेकायची हौस हाय न्हाई का तुला? घे, शेक!"

चामडं आधी ताणलं. एकदा टण्ण वाजलं. मग फाटलं आणि आकसत कडेला गोळा झालं. तो वास मी पुढं कुठल्याच स्वयंपाकघरात सहन करू शकले नाही. कातडं असलेलं काही भाजत असेल तर मी उठून जाते.

मग दिरानं आमच्या घरातला वरवंटा आणला. दोघांनी अप्पांचा हात पाट्यावर धरला. कस्तुरीच्या नवऱ्यानं विचारलं, "कंच्या हातानं वाजवलास?" अप्पा म्हणाले, "दोन्ही हातानं वाजवावी लागती, पाटील. तुमाला म्हाईत न्हाई." त्यांनी उजवा निवडला.

पोलिसांत जायचं की नाही, यावर वस्तीत दोन दिवस भांडण चाललं. मायनं ते ऐकायला नकार दिला. तिनं ज्वारी भरली, कडं राखेतून काढून त्यात खुपसलं, आणि पाटा-वरवंटा मागं ठेवला. "त्येच्यावर चटणी वाटून खाणार हाय का मी?" म्हणाली.

हैदराबादला मामा एका अपार्टमेंटचा वॉचमन होता. त्याच्या सेलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, खोलीत आम्ही राहिलो. तिथंही मारामारी संपली असं नाही. पाण्याच्या टँकरवर माय दुसऱ्या बायकांशी झोंबायची, घागरींनी डोकी फुटायची. शाळेत मुली माझ्या बोलण्याला हसल्या की मी चावायचे. ते मला येत होतं. पण मारणारा आणि मार खाणारा एकाच रांगेत उभे असत. दुसऱ्या दिवशी तीच बाई मायला बादली धरायला मदत करायची. गावात असं कधी झालं नव्हतं. मी तेवढ्यावर या शहराला आपलं म्हणायला सुरुवात केली.

अप्पांचा हात वाकडाच जुळला. त्यांनीही वॉचमनकी धरली, डाव्या हातानं गेट उघडायला शिकले. हलगीचं नाव काढलं नाही. मायनं कडं माठाखाली ठेवलं, माठ लवंडू नये म्हणून. पुढं घरं बदलली, माठ बदलले, कडं तेच राहिलं.

मी शिकले, लग्न केलं, नवरा लवकर गेला. आता एका मोठ्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर माझं क्रेश आहे. आई-बाप सकाळी पोरं सोडून ऑफिसला जातात, संध्याकाळी नेतात. नेतानाचा वेळ वाईट असायचा. पोरं रडकुंडीला, आई-बाप फोनवर, आणि स्पीकरवर तीच ती इंग्रजी गाणी, जी ऐकून मोठ्या माणसाच्या डोक्याची शीर उडावी. एके दिवशी मी स्पीकर बंद केला, प्लास्टिकची बादली उलटी केली आणि शेळीला बसमध्ये चढवलं. इथल्या मुलांसाठी हिंदी, तेलुगू, थोडी मराठी. शेळीनं मॅनेजरचा लॅपटॉप खाल्ला, ट्रॅफिक हवालदाराची शिट्टी खाल्ली. आई-बापांनी फोन खिशात ठेवले. आठवड्याभरात ते लवकर यायला लागले. "आंटी, बकरी हो गई क्या?" असं धापा टाकत विचारायचे.

आईच्या नावाचा नियम मी तसाच ठेवला. दुसरं गाणं मला येतच नव्हतं.

या वर्षी आद्या नावाची मुलगी आली. आई श्रावंती, कुठल्याशा कंपनीत. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालायची. मला कळायचं ते कळलं होतं. एका संध्याकाळी नवरा सोबत आला. गाणं शेळीच्या तिकिटापाशी आलं, आद्या उठली, "श्रावंतीची आद्या!" सगळ्यांनी टाळ्या दिल्या. श्रावंती हसली.

"और मैं?" नवरा म्हणाला. "मेरा नाम किधर है?"

मी म्हटलं, "सर, शाळेच्या दाखल्यावर आहे." लोक हसले. त्यानं मुलीचा दंड धरून तिला ओढलं. श्रावंतीनं हात मध्ये घातला, आणि त्यानं तिला सगळ्यांसमोर, मुलांच्या पुढ्यात, कानशिलात मारली. ती शूज ठेवायच्या मांडणीवर पडली. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा माझ्या हातात खिचडीचा पितळी डाव होता. मी तो त्याच्या मनगटावर घातला. विचार केला नाही. आवाज चांगला आला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. अपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज, मग मीटिंग. श्रावंती आद्याला घेऊन आईकडं गेली. ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या तेच खाली बघत बसले. निकाल असा की क्रेश चालू ठेवायचं तर गाण्यातून आयांची नावं काढायची. "फॅमिली मॅटर बनता है, आंटी," सेक्रेटरी म्हणाले. महिनाअखेरपर्यंत सांगायचं.

मी घरी येऊन अप्पांना सांगितलं. माय म्हणाली, "काढून टाक. नावानं काय पोट भरायलंय?" अप्पा म्हणाले, "मी तवा नाव घेतलो. तिचं पुढं काय झालं, ती मला शिव्या देती का काय, मला आजतागायत म्हाईत न्हाई. तू जाऊन इचार. ती म्हणली चूक झाली, तर काढ."

इतकी वर्षं ते हे पोटात घेऊन गेट उघडत-झाकत होते. मला पत्ता नव्हता.

मी गेले. फाट्यावरच्या हॉटेलात आता बिसलेरीची बाटली मिळते, जात न विचारता. वस्तीत पक्की घरं झालीत, विहाराला फरशी आहे, जयंतीला डीजे असतो आणि त्यात कोणाचंच नाव ऐकू येत नाही. चुलता म्हणाला, "वरच्या आळीत एकटी जाऊ नको." मी एकटीच गेले. सोबत माणसं नेली असती तर ते भांडण झालं असतं.

कस्तुरी ओट्यावर तूर पाखडत होती. केस पांढरे, पाठ ताठ. अंगणात खाटेवर तिचा दीर बसला होता, तोच. नवरा वारला होता. मी नाव सांगितलं. ती तोंडाकडं बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं, "अक्का, हलगीवाल्या अप्पांची लेक. पारूची शोभा."

"हिकडून बोल बाई," ती डोकं वळवून म्हणाली. "त्या कानानं ऐकू येत न्हाई. त्याच दिवशी गेला."

मी उजव्या बाजूला जाऊन बसले. तिनं तांब्या माझ्या हातात दिला. वरून ओंजळीत पाणी ओतलं नाही. दारात तिची सून ते बघत उभी राहिली.

मी सगळं सांगितलं: श्रावंती, डाव, मीटिंग, अप्पांचा प्रश्न. ती सुपातले खडे वेचत होती.

"तुझ्या बापाला सांग," ती म्हणाली, "मार मला आदी बी पडायचा, मागून बी पडला. मीठ जास्त झालं म्हणून पडायचा, कमी झालं म्हणून पडायचा. त्येचा हिशेब न्हाई माझ्याकडं. नाव मातर एकदाच पडलं कानावर. दोनी कान शाबूत होते तवा." मग जरा थांबून, "मंजू लातूरला नर्स हाय. तिच्या पोराला झोपवताना शेळीच म्हणती. कोणाची इचारती, आन पोरगं म्हणतंय, मंजूचा. जावई बी टाळ्या वाजवायलाय. कामून काढायलीस तू?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"म्हण की," ती म्हणाली. "आलीस कशाला मग? म्हण."

मी रिकामा पत्र्याचा डबा ओढला. शेळी बसमध्ये चढली. खाटेवरून दीर ओरडला, "ए, बंद कर ते! पुन्ना सुरू झालं का तुमचं?" त्यानं काठी हातात घेतली. कस्तुरीनं सूप खाली ठेवलं नाही, मानही वळवली नाही.

"भावजी, ऐकू नको वाटलं तर रानात जावा. न्हाईतर माझा एक कान फोडलाय तसा तुमचा तुमी फोडून घ्या."

दारातली सून फिस्सकन हसली. दीर काठी टेकत उठला आणि, खरंच, निघून गेला. मी डबा वाजवत राहिले. तू कोणाची? कस्तुरीची मंजू! ती माझ्याबरोबर म्हणत होती, बहिऱ्या माणसासारखी, गरजेपेक्षा पुष्कळ मोठ्यानं. आळीतली दारं उघडली. काही चेहरे चांगले नव्हते. मी पटापट कडवं संपवलं आणि संध्याकाळच्या बसनं निघाले. वेड्यासारखं धाडस मी एका दिवसात एकदाच करते.

लोक विचारतात, गावी घर आहे का? नाही. होतं त्या जागी चुलत्याच्या शेळ्या बांधतात. माझ्यापुरतं घर म्हणजे जिथं 'तू कोणाची' विचारलं तर मोठ्यानं सांगता येतं, आणि सांगितल्यावर जिवंत राहता येतं. यातलं पहिलं मला गावात मिळालं होतं. दुसऱ्यासाठी गाव सोडावं लागलं. दोन्ही एके ठिकाणी असावं, एवढीच माझी मागणी आहे.

सेक्रेटरींना मी सांगितलं, नावं राहतील. आता शेजारच्या गल्लीत जागा बघतेय. निम्मी पोरं सोबत येणार आहेत. काल श्रावंतीचा फोन आला: आद्याही येईल, तिला ती स्वतः सोडेल.

अप्पांना कस्तुरीचं उत्तर मी शब्दन् शब्द सांगितलं. ते ऐकताना त्यांची वाकडी बोटं मांडीवर हलत होती. मग ते मायला म्हणाले, "माठ खाली ठेव. कडं दे हिकडं."

"आन माठ कशावर ठेवू? तुझ्या डोक्यावर?" माय म्हणाली.

पण तिनं ठेवला खाली. उद्या मी चामडं मढवणाऱ्याकडं जातेय.